घसरगुंडीखाली काँक्रीट नको



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की दवाखान्यात एक दृश्य नेमानं दिसायला लागतं. सहा-सात वर्षांचं पोर, एका हातानं दुसरा हात सांभाळत आलेलं, रडून रडून डोळे लाल, आणि बरोबर घाबरलेली आई किंवा आजी. "झोक्यावरून पडला." "घसरगुंडीवरून खाली आली." मी फिजिशियन आहे, हाडांचा डॉक्टर नाही, पण आपल्याकडे पहिली धाव ओळखीच्या दवाखान्याकडेच असते. हात तपासून, आधाराला फळी बांधून एक्स-रेला पाठवेपर्यंत बहुतेक पालकांच्या तोंडून एक वाक्य येतंच: "डॉक्टर, आता याला बागेत पाठवायचंच नाही."

माझं म्हणणं आहे की पाठवा. पण बागेत त्याच्या पायाखाली काय आहे, ते आधी बघा. आजचा लेख त्याबद्दल आहे.

बागेत जाणं बंद झालेलं मूल घरात शांत बसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ते कठडा नसलेल्या गच्चीवर खेळतं, रस्त्यावर सायकल पळवतं, विहिरीकडे किंवा तलावाकडे जातं, नाहीतर मोबाइल घेऊन कोपऱ्यात पडून राहतं. पहिल्या तीनमध्ये जिवाला धोका आहे. चौथ्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण दिसतो. मुलांचं वजन वाढतं, चष्म्याचा नंबर लवकर लागतो आणि वाढतो. मोकळ्या उजेडात रोज खेळणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबरचा चष्मा कमी लागतो, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. हाडं मजबूत होतात ती उड्या मारल्यानं, पळल्यानं, लटकल्यानं. नुसतं दूध पिऊन नाही. आणि चढायचं किती, उडी कुठून मारायची, घाबरायचं कधी, हे मूल चढूनच शिकतं.

थोडं खरचटणं, गुडघा फुटणं हा खेळाचा भाग आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या पडण्यात नुसतं गुडघ्यावर भागलं असतं, तिथं कोपर मोडण्याबद्दल किंवा डोकं फुटण्याबद्दल. हा फरक बहुतेक वेळा मुलाच्या मस्तीमुळे पडत नाही. तो खालच्या जमिनीमुळे पडतो.

पडणं वेगळं, आपटणं वेगळं

थोडं शाळेतलं गणित करू. सहा फुटांवरून पडलेलं मूल जमिनीवर पोहोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण २१ किलोमीटर असतो. चार फुटांवरून पडलं तरी ताशी १७ च्या आसपास. म्हणजे कोणी सायकल जोरात दामटत येऊन भिंतीवर आदळावं, तितका. पडतानाचा वेग वाळूवर आणि काँक्रीटवर सारखाच असतो. फरक थांबण्यात आहे. वाळू दबते, बाजूला सरकते, मूल काही सेंटिमीटर अंतरात थांबतं. काँक्रीट दबतच नाही. तिथं थांबायला जे अंतर मिळतं ते चामडीचं, हाडाचं आणि कवटीचं. इजा किती होणार हे त्या थोड्याशा अंतरावर ठरतं.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात. म्हणून दोन-तीन वर्षांचं मूल पडताना डोक्यावर जातं. पाच ते आठ वर्षांचं मूल पडताना हात पुढे करतं, आणि सगळा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो.

आता आपल्या गावातल्या, शाळेतल्या, नव्या कॉलनीतल्या खेळण्याच्या जागा डोळ्यांसमोर आणा. घसरगुंडी लाल-पिवळी, नवी कोरी. आणि तिच्या खाली? सिमेंट काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक. का, तर पावसाळ्यात चिखल होत नाही, झाडायला सोपं, फोटोत छान दिसतं. ज्यानं हे ठरवलं त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. स्वच्छता हवी म्हणूनच केलेलं असतं. पण घराच्या अंगणाला लावायचं शहाणपण घसरगुंडीखाली लावलं की हात मोडतात.

"आमच्याकडे काँक्रीट नाही, मातीच आहे," असं सांगणारेही भेटतात. माती कुठली, ते बघा. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून दगड झालेली असते, आणि मुलं सगळ्यात जास्त खेळतात ती नेमकी तेव्हाच. रोलर फिरवून दाबलेला मुरूम काँक्रीटचाच भाऊ. हिरवळ लावली तर घसरगुंडीच्या तोंडाशी आणि झोक्याखाली ती महिन्याभरात पायांनी उडते, खाली कडक जमीन उरते. हल्ली काँक्रीटवर हिरवा गालिचा अंथरायची पद्धत आली आहे. तो दिसायला मऊ असतो, पण खाली जाड रबराची गादी नसेल तर त्याचा उपयोग डोळ्यांपुरताच. उन्हात तो तापतो ते वेगळंच.

मग हवं काय? सगळ्यात साधं, जुनं आणि परवडणारं उत्तर म्हणजे खोल, मोकळी वाळू. अमेरिकेत सार्वजनिक खेळाच्या मैदानांसाठी सरकारी मार्गदर्शिका १९८१ पासून आहे. तिच्या हिशेबानं नऊ इंच वाळूचा थर साधारण चार फुटांवरून पडणाऱ्या मुलाला सांभाळतो. पण नऊ इंच टिकायचे असतील तर भरताना फूटभर भरावी लागते, कारण वाळू दबते आणि पायांनी बाजूला जाते. हा थर खेळण्याच्या चारही बाजूंना सहा फुटांपर्यंत हवा, कारण मूल सरळ खाली पडत नाही, झेप घेऊन पडतं. झोक्याच्या पुढे-मागे तर दांडीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडायचं. दांडी आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट.

बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर लहान मुलांच्या छोट्या घसरगुंडीसाठी वीस फूट बाय बारा फुटांचा खड्डा, फूटभर खोल, म्हणजे २४० घनफूट. अडीच ब्राससुद्धा नाही. वाळू महाग झाली आहे, मिळत नाही, लिलावाच्या भानगडी आहेत, हे सगळं मला मान्य. पण त्याच जागेवर काँक्रीट ओतलं तर त्यातही वाळू, खडी आणि वर सिमेंट जातंच की. बारीक भुकटी असलेली क्रश सँड मात्र इथं चालत नाही, ती पाणी पडलं की घट्ट बसते. धुतलेली, गोल कणांची वाळू हवी. लाकडाचे जाड तुकडे मिळाले तर ते आणखी चांगले, तेवढ्याच थरात वाळूपेक्षा जास्त उंचीचं पडणं सांभाळतात. रबराच्या टाइल चालतात, पण दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ही जाडी किती उंचीवरून पडण्यासाठी तपासलेली आहे? उत्तर कागदावर मिळालं तर घ्या.

वाळूला देखभाल लागते. आठवड्यातून एकदा दाताळ्यानं खालीवर करायची, काच-खिळे वेचायचे, कमी झाली की भर घालायची. कुत्री-मांजरं तिथं घाण करतात, आणि त्यातून मुलांच्या पोटात जंत जाऊ शकतात. म्हणून रात्री जाळी किंवा ताडपत्री टाकायची, आणि खेळून आल्यावर मुलांचे हात साबणानं धुवायचे. एवढं करायला माळी किंवा शाळेचा शिपाई पुरे.

आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी निदान एवढं करावं: उंच खेळणी काढून बुटकी लावावीत. सात फुटांची घसरगुंडी काँक्रीटवर ठेवण्यापेक्षा तीन फुटांची मातीवर बरी. खालची माती उन्हाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर कुदळीनं खणून भुसभुशीत ठेवावी. मुलांना तीन फुटांतही तितकीच मजा येते. उंचीचा सोस मोठ्यांना असतो.

फलक लागतो खरेदीला, नटबोल्टला नाही

खेळणी नवी असतात तेव्हा उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फलक लागतो, कोणाच्या निधीतून हे मोठ्या अक्षरात लिहिलं जातं. तीन पावसाळ्यांनंतर त्याच घसरगुंडीचा पत्रा कडेला सुटतो, झोक्याची साखळी झिजते, आणि नटबोल्ट आवळल्याचा फलक कोणी लावत नाही. खरेदीला तरतूद असते, दुरुस्तीला नसते. मी डॉक्टर म्हणून याला आजारच म्हणतो: बाळंतपण थाटात करायचं आणि लसीकरण विसरायचं.

हा आजार लहान गावांपुरता नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याला महापालिकेच्या महर्षी कर्वे उद्यानात खेळायला गेलेले दोन सख्खे भाऊ, चार आणि पाच वर्षांचे, पाण्याच्या टाकीत पडून बुडाले. टाकीला नीट झाकण नव्हतं. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या बागेत ही गोष्ट झाली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि विचारलं की माणसाच्या जिवाची किंमत अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर ठरणार आहे का. ती दोन मुलं झोक्यावरून पडली नव्हती. बागेत खेळणी किती आहेत हे आपण बघतो. टाकी, बोअर, गटाराचं चेंबर, विजेचा डबा, मोटारीची वायर यांच्याकडे बघत नाही. मुलाला टाकी आणि खेळणं यांत फरक वाटत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये पिंपरी-चिंचवडच्या बोपखेल भागात खेळणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर सरकतं लोखंडी फाटक पडलं आणि ती गेली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणात रोहतक जिल्ह्यात बास्केटबॉलचा लोखंडी खांब अंगावर पडून एका तरुण खेळाडूचा मृत्यू झाला. या दोन्हींत साम्य आहे: जड लोखंड, आणि ते धरून ठेवणारं काहीतरी कुचकामी झालेलं. म्हणून शाळेच्या मैदानावर सुटा ठेवलेला फुटबॉलचा गोलपोस्ट दिसला तर तो आजच जमिनीला बांधायला सांगा. मुलं त्याला लटकतात आणि तो पुढे कोसळतो. जगभर असे मृत्यू झालेले आहेत.

तपासणी करायला इंजिनिअर लागत नाही. लोखंडी पाइप जिथं सिमेंटमध्ये शिरतो तिथं गंज सगळ्यात आधी धरतो, कारण तिथं पाणी साचतं. वरून रंग ताजा असला तरी त्या जागी छोट्या हातोडीनं ठोकून बघा. पोकळ, चुरचुरीत आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर ते खेळणं त्याच दिवशी दोरी बांधून बंद करा. गंजलेल्या पाइपवर वेल्डिंग मारून काम भागवू नका. झोक्याची साखळी वरच्या कडीत घासते, तिथली कडी अर्धी झिजली असेल तर बदला. बसायची फळी लोखंडाची किंवा जाड लाकडाची असेल तर ती रबराची करा, कारण झोक्यावरचं मूल जखमी होतं तसं झोक्यासमोरून पळत गेलेलंही होतं. जुन्या टायरचा झोका छान, स्वस्त. फक्त टायरला खालून दोन-तीन भोकं पाडा. नाहीतर पावसाचं पाणी साचून डेंग्यूच्या डासांची पैदास तिथंच होईल, आणि मग ते मूल माझ्याकडे वेगळ्या कारणानं येईल.

एक तपासणी अशी आहे जी आपल्याकडे कोणी करत नाही. शिडीच्या पायऱ्यांमधली, कठड्याच्या गजांमधली फट. नऊ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि तेवीस सेंटिमीटरपेक्षा लहान फट धोक्याची, असं परदेशातले नियम सांगतात. कारण त्यातून लहान मुलाचं अंग पायाकडून सरकून जातं आणि डोकं अडकतं. मोजपट्टी नसेल तर चार बोटं आणि वीत हे माप धरा: चार बोटांपेक्षा रुंद पण वीतभरापेक्षा अरुंद फट दिसली की ती बुजवायला सांगा.

बागेतल्या ओपन जिमबद्दल दोन वाक्यं. ती यंत्रं मोठ्यांच्या वजनासाठी आणि उंचीसाठी बनवलेली असतात, आणि त्यांचे सांधे कात्रीसारखे हलतात. आजोबा व्यायाम करतात आणि नातू शेजारच्या सांध्यात बोट घालतो. तिथं बोटं चेंगरतात, कधी तुटतात. ती मुलांच्या खेळण्यांपासून दूर, मध्ये कुंपण घालून असायला हवीत.

तुमच्या हातात काय आहे

लहान बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून घसरू नका. प्रेमानं, काळजीनं करतात लोक हे. पण घसरताना बाळाचा बूट कडेला किंवा पत्र्याला अडकतो, बाळाचा पाय तिथं थांबतो, आणि तुमच्या वजनासकट वरचं अंग पुढे जातं. पायाचं हाड पिळवटून मोडतं. एकटं सोडलं असतं तर पाय अडकून बाळ थांबलं असतं, एवढंच. बाळ स्वतः चढून घसरू शकत नसेल तर ते अजून त्या घसरगुंडीएवढं झालेलं नाही.

गळ्यात काही नको. ओढणी, स्कार्फ, शाळेचा टाय, ओळखपत्राची दोरी, टोपीची नाडी, सगळं काढून ठेवायचं. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला ते अडकलं आणि मूल खाली गेलं तर फास बसतो. घरात साडीचा किंवा ओढणीचा झोका बांधलेला असतो, त्यालाही हेच लागू. बाळ झोपवायला बांधलेल्या त्या झोक्यात नंतर सात-आठ वर्षांचं मूल उभं राहून गोल गोल पीळ घालतं आणि पीळ गळ्यापाशी येतो. अशा बातम्या आपण दर थोड्या दिवसांनी वाचतो. वापर झाला की झोका सोडून ठेवा, किंवा उंच गुंडाळून ठेवा. नागपंचमीला झाडाला झोके बांधताना दोर नवा आहे का, फांदी हिरवी आहे का, हे घरातल्या जाणत्या माणसानं आधी स्वतः बसून बघावं. आणि खाली दगड नाहीत ना, तेही.

उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी तव्यासारखी तापते. लहान मुलाला चटका बसला तरी ते पटकन उठत नाही, बावरून तिथंच बसतं. तुमच्या हाताचा मागचा भाग पाच सेकंद पत्र्यावर ठेवा. ठेववत नसेल तर मूल बसवू नका. आपल्याकडे मेमध्ये संध्याकाळी सहानंतरचाच खेळ खरा. म्हणून बागेत दिवे हवेत, आणि नवी घसरगुंडी लावताना कडुनिंबाच्या सावलीत लावायला काय हरकत आहे?

आणि लक्ष. बागेत बाकावर बसून मोबाइल बघणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही, हे तुम्हीही जाणता, त्यावर जास्त बोलत नाही. पण आपल्या बीड जिल्ह्यात हजारो आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांची काही मुलं आजीजवळ गावात राहतात, काही फडावर ट्रॉलीच्या सावलीत खेळतात. त्यांना "मुलाकडे लक्ष द्या" असा सल्ला देणं मला जमत नाही. ज्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस नाही त्यांच्यासाठी तरी शाळेतली आणि अंगणवाडीतली जागा अशी हवी, की तिथं पडलं तरी निभावेल.

पडलंच तर

पडलेल्या मुलाला दोन्ही हात धरून खसकन उभं करू नका. आधी बोलतं का बघा, हात-पाय हलवतं का बघा. मान दुखते म्हणत असेल किंवा हात-पाय हलत नसतील तर आहे तसंच सपाट ठेवा आणि १०८ ला फोन करा.

हात सुजला, वाकडा दिसतो, हलवू देत नाही, तर तो ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत पुठ्ठा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र लावून सैल बांधा. ओढून सरळ करू नका, चोळू नका. आणि "रडतोय बिचारा" म्हणून चहा-बिस्कीट देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं, आणि त्या एका बिस्किटापायी ऑपरेशन काही तास पुढे ढकलावं लागतं.

कोपराबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथं आयुष्याचं नुकसान होतं. कोपराच्या जरा वरचं हाड मोडणं ही खेळताना पडलेल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांची अगदी नेहमीची इजा आहे. त्या हाडाला लागूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. सूज वाढत असताना त्यावर बांबूच्या कामट्यांची घट्ट पट्टी किंवा घट्ट प्लास्टर बसलं तर हाताला जाणारं रक्त अडतं. स्नायू काही तासांत मरायला लागतात आणि नंतर आखडून बोटं कायमची वाकडी होतात. याला व्होल्कमनचा आखडलेला हात म्हणतात. एकदा झाला की पूर्ववत होत नाही. हाडवैद्याकडे जाण्याची आपली परंपरा मला माहीत आहे, त्यांच्यावरचा तुमचा विश्वासही माहीत आहे. पण मुलाचं कोपर तिथं नेऊ नका. आणि पट्टी किंवा प्लास्टर कोणीही घातलेलं असो, अगदी मोठ्या रुग्णालयात घातलेलं असो, त्यानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं सरळ करताना मूल किंचाळायला लागलं, बोटं फिकी, गार किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता जा. अंबाजोगाईत १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, एवढं जवळ मोठं रुग्णालय असणं अनेक तालुक्यांच्या नशिबी नाही.

डोक्याला मार लागला असेल तर पुढच्या गोष्टी दिसल्या की ताबडतोब रुग्णालय: थोडा वेळही शुद्ध हरपली, वारंवार उलट्या, झटका, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी, वाढत जाणारी डोकेदुखी, ओळख न देणं, जागं करूनही नीट जागं न होणं. एक-दोन वर्षांच्या बाळाला डोक्यावर मोठं मऊ टेंगूळ आलं तरी दाखवून आणा. यातलं काही नसेल तर घरी चोवीस तास नजर ठेवा. "झोपू देऊ नका" हा जुना समज आहे. रडून दमलेलं मूल झोपणारच. झोपू द्या, फक्त मध्ये एक-दोनदा उठवून ओळखतं का, बोलतं का बघा.

पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता, दाताच्या पांढऱ्या बाजूनं उचला, दुधात टाका आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्य गाठा. तो परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. बोट तुटलं तर तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पाच-दहा मिनिटं धुवा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक खरचटण्याला लागत नाही. दीड-दोन वर्षांचा, पाच-सहा वर्षांचा, दहा आणि सोळा वर्षांचा डोस वेळेवर झालेला असेल तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं. म्हणून येताना लसीकरणाचं कार्ड घेऊन या.

मागायचं कोणाकडे

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलं पाहिजे असं लिहिलं आहे. ते साहित्य कशावर उभं असावं याबद्दल त्यात काही नाही; ते आपल्याला मागून घ्यावं लागेल. त्याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. तुम्ही सदस्य असाल तर पुढच्या बैठकीत एक ओळ लिहून घ्या: घसरगुंडी आणि झोक्याखालचं काँक्रीट काढून फूटभर वाळू. दुसरी ओळ: दर महिन्याला एका ठरलेल्या माणसानं खेळणी तपासून वहीत सही करायची. खासगी शाळेत असाल तर पालकसभेत विचारा. स्मार्ट बोर्ड दाखवायला नेतात तेव्हा "मैदान बघू का?" म्हणा.

बागेसाठी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात "खेळणी खराब आहेत" असं मोघम लिहू नका, ते कुठंच जात नाही. कुठली बाग, कुठलं खेळणं, कुठल्या बाजूचा पाइप, फोटो आणि तारीख. नवं खेळणं असेल तर विचारा की कंत्राटातला दोष दायित्व कालावधी कधी संपतो. तोवरची दुरुस्ती ठेकेदारानं आपल्या खर्चानं करायची असते, आणि बऱ्याचदा कोणी विचारत नाही म्हणून ती होत नाही. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तोच प्रश्न. तोवर मोडलेल्या खेळण्याला स्वतः दोरी गुंडाळून पाटी लावा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

यंदा नवी खेळणी बसवणार असाल, शाळेत, सोसायटीत किंवा कोणाच्या स्मरणार्थ, तर पैशाचे तीन भाग करा. एक खेळण्याला, एक खालच्या वाळूला, आणि एक बँकेत, पुढच्या पाच वर्षांच्या नटबोल्टसाठी. देणगीदाराचं नाव वाळूच्या खड्ड्याच्या कडेला लावलं तरी चालेल.